मागं सरकायला जागा

फोटोताईचं वय पन्नाशीच्या पुढं गेलं होतं, पण उलटं चालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तुम्हीआम्ही पुढं बघतो आणि पुढं चालतो. ही बाई पुढं बघत मागं चालायची, तेही डोळ्याला कॅमेरा लावून. स्टुडिओतल्या दिव्यांच्या वायरी चुकवत, उंबरठा ओलांडत ती थेट आतल्या खोलीत शिरायची आणि टाचेला पलंगाचा पाय लागला की थांबायची. मग म्हणायची, "हं, आता मावलात सगळे. हलू नका."

पलंगावर तिचे बाबा असत.

हे मागं सरकणं काही हौसेचं नव्हतं. स्टुडिओ मुळात बाबांचा; लोक त्यांना फोटोमास्तर म्हणत. रस्त्याकडची एक खोली, तिच्यामागं दुसरी, आणि राहतं घर वर, जिना चढून. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं फिल्मच्या कॅमेऱ्यावर काढली. मधल्या दाराला पाठ टेकवून उभं राहायचं, की समोरचं मोठं कुटुंबही नखशिखांत फ्रेममध्ये बसायचं. पुढं फिल्म गेली, डिजिटल आलं, आणि ताईनं आयुष्यातला पहिला कॅमेरा घेतला तो झेपेल असा, क्रॉप सेन्सरचा. म्हणजे काय, तर फिल्मची चौकट जेवढी होती तेवढं या कॅमेऱ्याचं काळीज नव्हतं. भिंग बाबांचंच होतं, जुनं, पन्नास एमएमचं. ते दाखवायचं ते सगळं दाखवायचं, पण हा कॅमेरा त्यातला मधला भाग घ्यायचा आणि कडा सोडून द्यायचा. कडेला नेमकी कुणाची तरी आत्या उभी असायची. आत्याला वगळून कसं चालेल? मग मागं सरका. दाराला पाठ लागली तरी आत्या बाहेरच. मग दार उघडा, आणखी मागं सरका.

तेव्हा आतल्या खोलीत रिकामी खोकी आणि जुने पडदे होते. खोक्यांना कुणाच्या येण्याजाण्याचं काही नसतं. पण मग बाबांची उजवी बाजू गेली, जिना चढणं कायमचं संपलं, आणि खोकी हलवून तिथं त्यांचा पलंग आला. औषधांचा स्टूल आला, भोकाची खुर्ची आली, कोपऱ्यात झाकण ठेवलेलं भांडं आलं. घरात दुसरं होतंच कोण? आई केव्हाच गेली होती. दादा, म्हणजे ताईचा मोठा भाऊ, दूरच्या शहरात. ताईच्या लग्नाचं आधी वय टळलं आणि मग लग्नच टळलं. तेव्हापासून सकाळी बाबांना पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, आणि मधल्या वेळात लोकांना हसायला सांगणं, असा तिचा दिवस असायचा.

कुटुंबाचा ग्रुप फोटो आला की मधलं दार उघडायचं. समोरच्यांना पलंग दिसायचा, औषधं दिसायची, कधी वासही यायचा. बायका पदर, रुमाल सावरल्यासारखं करून नाकाला लावायच्या. पोरं मान वाकडी करून बघायची. आणि तेवढ्यात बाबा पलंगावरून हुकूम सोडायचे, "अगं ए, उजवीकडच्यांना जरा आत घे! मागच्यांनी हनुवटी खाली!" गंमत म्हणजे ते बरोबर असायचं. उजवीकडचे खरोखरच आत यायला हवे असायचे. लोक हसायचे, मग त्यांच्या डोळ्यांत ती कीव यायची, आणि ताई नेमकं त्याच वेळी बटण दाबायची. तिच्या अलीकडच्या फोटोंतली निम्मीअधिक कुटुंबं अशी कीव करत उभी आहेत. त्यांना ते ठाऊक नाही, तिला आहे.

एके दिवशी कॅमेरा अडखळायला लागला, म्हणून ती तो भिंगकाकांकडे घेऊन गेली. भिंगकाका म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती आणि खरेदीविक्री करणारे गृहस्थ. चष्म्यावर आणखी एक भिंग अडकवून ते कॅमेऱ्यात असं बघायचे, जणू आत कुणी लपून बसलंय आणि आता सापडणारच.

"ताई, शटर म्हातारं झालंय," ते म्हणाले. "आज चालेल. उद्या ऐन कामात मान टाकेल. दुसरा घ्या आता. असलाच हवा, की फुल फ्रेमला जाताय, जुन्या फिल्मएवढ्या चौकटीच्या?"

ताई जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. भिंगकाकांना वाटलं, पैशाचा विचार करतेय. पैशाचं जमत होतं. दादानं अर्धे द्यायचं कबूल केलं होतं, आणि वर सल्लेही दिले होते, ते फुकट. आयुष्यात त्यानं कॅमेरा हातात धरला नव्हता, पण इंटरनेटवरचं सगळं वाचून तो फोनवर तासभर बोलायचा. फुल फ्रेमला उजेड कमी लागतो, मागचं कसं लोण्यासारखं विरघळतं, उगाच वजन वाढतं, त्यापेक्षा आहे त्यालाच रुंद भिंग लाव म्हणजे काम भागेल. कॅमेऱ्याबरोबर आलेलं रुंद भिंग ताईजवळ होतं. त्यातून कडेची माणसं धुक्यात उभी असल्यासारखी यायची. ते एकदा लावल्यावर बाबांनी फोटो बघून नुसतं, "हा आपल्या स्टुडिओतला नाही," असं म्हटलं होतं. ते भिंग मग खणात गेलं. चांगलं रुंद भिंग मिळालं असतं, नाही असं नाही. पण तिनं कधी शोधलंच नाही, आणि का शोधलं नाही हे स्वतःला विचारलंही नाही.

"काका," तिनं विचारलं, "फुल फ्रेमला बाबांचंच भिंग लावलं, तर मी कुठं उभी राहायची?"

"मास्तर उभे राहायचे तिथंच की. दाराला पाठ लावून."

"म्हणजे दार बंद ठेवून?"

"बंद ठेवा नाहीतर उघडं ठेवा, कॅमेऱ्याला काय त्याचं!" भिंगकाका हसले. कपाटातून त्यांनी एक वापरलेला, पण नीट ठेवलेला फुल फ्रेम काढला, बाबांचं भिंग त्यावर बसवून दिलं आणि म्हणाले, "आठवडाभर वापरून बघा. नाही पटला तर परत आणा. मास्तरांच्या मुलीकडून मी आत्ता काही घेणार नाही."

येताना ताई कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून चालत होती. अंधार, उजेड, लोणी, वजन, यातलं काहीही तिला नको होतं. तिला दार बंद हवं होतं. बस, एवढंच. दिवसातला एखादा तास, ज्यात बाबांचं पांघरूण, बाबांचा आवाज, बाबांचा तो स्टूल, यातलं काही नसेल. ती थकली होती. झोपून जाईल असा तो थकवा नव्हता, कारण सकाळी उठतानाच तो अंगात असायचा. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्या माणसानं हात धरून फोकस शिकवला, त्याच्या तोंडावर दार लावायचं? त्यांना दिवसभरात दुसरं होतं तरी काय? ग्रुप फोटो आला की तेवढीच दोनचार माणसं त्यांच्या दृष्टीस पडत, तेवढेच ते ओरडत, तेवढेच पुन्हा फोटोमास्तर होत. तिची अगदी पक्की समजूत होती की बाबा त्या उघड्या दारावर जगताहेत.

म्हणून तिनं बाबांना काही सांगितलं नाही. पण कान त्यांचे शाबूत होते. सकाळी पासपोर्टच्या फोटोला कुणी आलं, ताईनं पुढच्या खोलीत बटण दाबलं आणि आतून प्रश्न आला, "आवाज निराळा आहे. कुणाचा?"

"भिंगकाकांचा. बघायला आणलाय."

"फुल फ्रेम?"

"हो."

"मग आता तुला मागं यायला नको," ते म्हणाले.

ताई दारात येऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. झटक्यानंतर त्यांचा चेहरा अर्धाच हलायचा, त्यामुळं त्यावरून काही वाचता यायचं नाही. "अजून काही ठरवलं नाही मी," ती म्हणाली. "बघ बाई, तुझं तू ठरव," असं म्हणून त्यांनी मान भिंतीकडे केली. झालं. ताईनं त्याचा अर्थ लावायचा तो लावला. दुखावले. दिवसभर तिनं त्यांच्याशी गरजेपेक्षा गोड बोलून घेतलं. आपण कुणाचं काही हिरावून घ्यायच्या बेतात असलो की आपली जीभ अशी गोड होते.

दोनेक दिवस ग्रुप आलाच नाही. निर्णय पुढं ढकलायला तेवढं निमित्त पुरलं. मग एका दुपारी एक बसचालक त्याचं सगळं घरदार घेऊन आला. धाकटी मुलगी नोकरीसाठी लांबच्या देशी निघाली होती, आणि ती जायच्या आधी सगळे एका फोटोत हवे होते. बसचालक, त्याची बायको, म्हातारी आई, दोन्ही मुली, जावई आणि मोठीचं नुकतं चालायला लागलेलं बाळ. म्हातारीला खुर्चीत बसवलं. बाळानं पहिल्याच झटक्यात मधलं दार ढकललं आणि आत डोकावून भोकाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

ताईनं बाळाला उचलून आईच्या कडेवर दिलं. आत बाबा डोळे मिटून पडले होते. तिनं दार ओढून घेतलं, आणि पोर पुन्हा ढकलेल म्हणून वरची कडी लावली. मग दाराला पाठ टेकवून उभी राहिली, जिथं बाबा उभे राहायचे बरोबर तिथं, आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. सगळे आत होते. म्हातारी, जावई, कडेवरचं बाळ, शिवाय दोन्ही बाजूंना जागा शिल्लक. ताईला हसू आलं. एवढ्यासाठी तिनं कितीतरी वर्षं उलटं चालून काढली होती.

दोनतीन फोटो झाले असतील, तोच आतून हाक आली, "अगं ए!"

"हो बाबा, घेते आत उजवीकडच्यांना!" ताईनं मान न वळवता उत्तर दिलं.

"कोण आहे हो?" बसचालकाच्या आईनं विचारलं.

"माझे वडील. स्टुडिओ त्यांचाच. सूचना दिल्याशिवाय त्यांना करमत नाही."

सगळे हसले, आणि या वेळी त्या हसण्यात कीव नव्हती, कारण पाहायला काही नव्हतंच. छान हसू होतं. ताईनं ते टिपलं. पुन्हा हाक आली, जरा जोरात. "बघतेय मी, बाबा!" ती म्हणाली. मग आणखी एकदा. मग आवाज थांबला, आणि ताईला मनापासून बरं वाटलं. अखेर गप्प बसले एकदाचे, असं तिच्या मनात आलं. हे वाक्य पुढं तिला फार दिवस पुरलं.

त्यानंतर तिनं घाई केली नाही. म्हातारीचा एकटीचा फोटो काढला. जाणाऱ्या मुलीचा आईबरोबर काढला. बसचालकाला टोपी घालून हवा होता, तसाही काढला. ती माणसं आभार मानून गेली, तरी ती लगेच आत गेली नाही. स्टुलावर बसून तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो सावकाश पाहिले. फार चांगले आले होते. मग तिनं कडी काढली.

बाबा जमिनीवर होते. पाठ पलंगाच्या पायाला टेकलेली, चालतं पाऊल पुढं, न चालणारं अंगाखाली दुमडलेलं. पाण्याचं भांडं उपडं झालं होतं आणि पायजमा भिजला होता, पाण्यानं भिजला होता की आणखी कशानं ते तिनं पाहून घेतलं नाही. कोपर सोललं होतं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं?"

ताईनं काखेत हात घालून त्यांना उचलायला पाहिलं, पण ते तिला एकटीला जमेना, आणि जमेना म्हणून ती रडायला लागली. शेवटी शेजारचा सलूनवाला अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून धावत आला. त्यानं मास्तरांना उचलून पलंगावर ठेवलं, "काही नाही, मास्तर, फक्त उतरलात," असं म्हणाला आणि हाताला लागलेला फेस पुसत परत गेला. डॉक्टरीण येऊन हाडं तपासून गेली. मोडलं काही नव्हतं. दादाला फोन केला तर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण दार बंद का केलं होतंस?" तासतासभर बोलणारा माणूस, पण नेमका प्रश्न त्याला पहिल्या दमात सापडला. ताई म्हणाली, बाळ होतं ना, म्हणून. ते खरंच होतं. आणि पुरेसं नव्हतं, हे तिचं तिला कळत होतं.

संध्याकाळी ती पलंगाच्या कडेला बसून बाबांच्या कोपराला मलम लावत होती. "उद्या कॅमेरा परत देऊन येते," ती म्हणाली.

"का?"

"काही खास नाही फोटो त्याचे. आपल्याला जुन्यातलाच बरा."

"दाखव."

तिनं पडद्यावर बसचालकाचं कुटुंब काढून त्यांच्यापुढं धरलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. डाव्या हातानं त्यांनी कॅमेरा जरा जवळ ओढला.

"म्हातारी छान आलीय," ते म्हणाले. "कितीतरी दिवसांनी ग्रुप बघितला."

"असं काय म्हणता बाबा? रोज तर बघता. इथून सूचना देता ना!"

"इथून?" बाबांचा अर्धा चेहरा हसला. "अगं, तू दाराच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहतेस. पलंगाला टेकून. मला इथून काय दिसणार? तुझी पाठ दिसते. आणि फार झालं तर कडेच्या माणसाचा एक कान."

"मग ते... उजवीकडच्यांना आत घे?"

"उजवीकडचे नेहमीच बाहेर असतात. इतकी वर्षं धंदा केला, तेवढं मला न बघता कळतं." ते थांबले. बोललं की त्यांना दम लागायचा. "तू दार उघडतेस. ती माणसं आत बघतात. माझ्याकडे, त्या भांड्याकडे. मग मी ओरडतो. नुसता पेशंट नाहीये इथं, फोटोवाला आहे, हे त्यांना कळावं म्हणून ओरडतो. नाहीतर मला काय हौस आहे? दुपारी जरा डोळा लागतो, की आलीस तू मागं सरकत. टाच आपटली पलंगाला, की झोप गेली. तुला मागं सरकायला जागा हवी, म्हणून मी गप्प. तुझ्या पोटावर पाय येईल, म्हणून गप्प."

ताईच्या हातातलं मलम तसंच राहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "मला दार बंद हवं होतं. कॅमेऱ्याचं नुसतं निमित्त. मला तुम्ही दिसायला नको होतात. आज तुम्ही हाक मारायचे थांबलात, तेव्हा मला बरं वाटलं."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हे घर खाली येणार. घर खाली आलं नाही. बाहेर सलूनवाल्यानं शटर ओढल्याचा आवाज झाला.

"मलाही नको झालंय गं," बाबा म्हणाले. "एवढी वर्षं मी तुझी पाठ बघतोय. सकाळच्या ग्रुपला सरळ असते. दुपारच्याला खांदे खाली आलेले असतात. संध्याकाळच्याला तू असा एक हात कमरेवर ठेवतेस आणि एका हातानं कॅमेरा धरतेस. मी शिकवलं होतं का असा धरायला? ते बघून मला पडल्या पडल्या दमायला होतं. काही करता येत नाही आणि नुसतं बघत राहायचं. घे तो कॅमेरा. दार लाव. कडी तेवढी लावू नकोस."

ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. त्यांनी डावा हात तिच्या केसांवर ठेवला, आणि थोड्या वेळानं तो जड झाला म्हणून काढून घेतला.

कॅमेरा घेतला. भिंगकाकांनी विचारलं, "काय आवडलं शेवटी?" ताई म्हणाली, कडा चांगल्या येतात. दादाला वाटलं त्याच्या वाचनाचा उपयोग झाला, आणि तिनं ते तसंच राहू दिलं. पलंगाशी एक बेल आली. बेल दाबली की पुढच्या खोलीत वाजायची, आणि ती वाजली की समोर कोणी का असेना, ताई कॅमेरा ठेवून आत जायची.

पहिल्या दिवशी दोन ग्रुप झाले, दुपारी एक आणि संध्याकाळी एक. ताई दाराला पाठ टेकवून उभी राहिली, माणसं हसली, फोटो निघाले, आतून कुणी ओरडलं नाही. दुपारचं गिऱ्हाईक गेल्यावर तिनं हळूच दार ढकलून पाहिलं. बाबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, भर दुपारी, पूर्वी खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचे तसे. तिनं आवाज न करता दार पुन्हा लावून घेतलं.

संध्याकाळच्या ग्रुपला तिचा एक हात आपोआप कमरेवर गेला. समोरची मंडळी आपापले चेहरे नीट करण्यात गुंतली होती. पाठ नेहमीइतकीच दुखत होती, फक्त आता ती कुणाला दिसत नव्हती.